शल्यगृहातून मांडव्याकडे : डॉ. नोशीर अंतिया

पनवेल, प्रतिनिधी

खांदा, गुडघा, मणका, हात अशा एकेका अवयवासाठी रुग्णालयात स्वतंत्र विभाग असावा, तेथे शस्त्रक्रियेच्या जोडीला संशोधन चालावे आणि तरुण शल्यविशारद घडावेत, ही कल्पना आज पनवेल परिसरातील रुग्णांना नवी नाही. असाच एक विभाग मुंबईत उभारणारे आणि पुढे याच रायगड जिल्ह्यातील खेड्यांत येऊन अशा विभागांच्या मर्यादा परखडपणे मांडणारे डॉक्टर म्हणजे डॉ. नोशीर होरमसजी अंतिया.

डॉ. अंतिया यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९२२ रोजी हुबळी येथे एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १९४५ मध्ये पदवी घेतल्यानंतर ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. तेथे त्यांना सर हॅरॉल्ड गिलीज यांचे मार्गदर्शन लाभले. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर उपचार करताना गिलीज यांनी आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा पाया घातला होता. अशा गुरूच्या शिष्याला परदेशात किंवा मुंबईच्या खासगी व्यवसायात मान आणि पैसा दोन्ही सहज मिळाले असते. मायदेशी परतलेल्या डॉ. अंतियांनी मात्र पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरुग्णांपासून कामाला प्रारंभ केला.

कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर आघात करतात. कोपरापाशी असलेला मज्जातंतू निकामी झाला की बोटे वाकडी होऊन हाताचा पंजा नखीसारखा आखडतो. पापण्या मिटत नाहीत, नाकाचा दांडा खचतो. संवेदना हरपल्याने तापलेले भांडे हातात धरूनही चटका जाणवत नाही आणि जखमा चिघळत जातात. डॅप्सोनसारख्या औषधाने जंतू नष्ट झाले, तरी चेहऱ्यावरील खुणा तशाच राहत आणि समाज त्या माणसाला रोगीच समजत असे. रोग बरा झाला, पण माणूस घरी परतू शकला नाही, अशी ही विचित्र कोंडी होती. ती फोडण्याचे सामर्थ्य शल्यचिकित्सेत आहे, हे वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी हातांच्या शस्त्रक्रियांतून दाखवून दिले होते. धडधाकट स्नायूची कंडरा वळवून तिच्याकडून लुळ्या पडलेल्या स्नायूचे काम करून घेणे, हे त्यामागचे तत्त्व. डॉ. अंतियांनी हातांबरोबरच खचलेली नाके आणि विद्रूप झालेले चेहरे पूर्ववत करण्यावर भर दिला.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टाटांच्या साहाय्याने प्लास्टिक सर्जरीचा विभाग आकाराला आला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. कुष्ठरुग्णाला वेशीबाहेरच्या वसाहतीत ठेवणे हीच रीत असलेल्या त्या काळात डॉ. अंतियांनी या रुग्णांना सर्वसामान्य रुग्णालयातील इतर रुग्णांच्या शेजारी खाट दिली. कोणत्याही व्याख्यानापेक्षा ही कृती अधिक बोलकी होती. या विभागात शल्यविशारदांच्या पिढ्या शिकल्या. भाजलेल्या रुग्णांना, त्यातही स्त्रियांना, तेथे आधार मिळाला. मज्जातंतूचा नाश नेमका कसा होतो, या प्रश्नाने त्यांना प्रयोगशाळेकडे वळवले आणि १९७५ मध्ये त्यांनी 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च' ही संस्था स्थापन केली.

शस्त्रक्रियांची संख्या वाढत होती, तरी वाकडी बोटे घेऊन येणाऱ्यांची रांग संपत नव्हती. वेळीच निदान झाले असते, तर यांतील अनेकांवर शस्त्रक्रियेची वेळच आली नसती, ही जाणीव डॉ. अंतियांना स्वस्थ बसू देईना. सत्तरच्या दशकात त्यांची पावले मुंबई बंदरापलीकडील मांडवा परिसराकडे वळली. हा जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे. सुमारे तीस हजार लोकवस्तीच्या या भागात त्यांनी गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. कुष्ठरोगाचे चट्टे ओळखणे, क्षयरुग्ण नियमित औषध घेतो की नाही हे पाहणे, बाळंतिणीची आणि अर्भकाची काळजी घेणे ही कामे या स्त्रिया उत्तम रीतीने करू लागल्या.

प्रयोगाला यश येऊ लागले, तसा स्थानिक सत्ताधाऱ्यांचा आणि आरोग्ययंत्रणेतील मंडळींचा विरोधही वाढला. गावकऱ्यांना स्वतःच्या आरोग्याचे भान आले की कोणाचे तरी महत्त्व कमी होते, हा त्यामागील अर्थ. अखेर ऐंशीच्या दशकात मांडव्यातील काम थांबवावे लागले. डॉ. अंतियांनी हे अपयश झाकले नाही. १९८६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी या प्रयोगाची हकीकत जगासमोर ठेवली. तत्पूर्वी, १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सर्वांसाठी आरोग्य' या राष्ट्रीय अभ्यासगटाच्या अहवालातही त्यांचा वाटा होता. पुढे पुरंदर तालुक्यातील परिंचे परिसरात त्यांनी नव्या उमेदीने हेच काम उभे केले.

१९९० मध्ये पद्मश्रीने गौरविलेल्या या शल्यविशारदाचे २६ जून २००७ रोजी निधन झाले. त्याआधी दीड वर्ष, डिसेंबर २००५ मध्ये, भारताने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाच्या उच्चाटनाचे उद्दिष्ट गाठले होते. तरीही नवे रुग्ण आढळतच राहिले. कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवू पाहणारा १८९८ चा कायदा तर रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. पनवेल तालुक्यात नेरे येथील शांतिवनाची वाट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या रोगामागचे सामाजिक दुःख वेगळे सांगावयास नको.

अद्ययावत विभाग हवेतच, कारण आखडलेला हात कुशल शल्यविशारदच मोकळा करू शकतो. पण तो हात आखडण्याआधी, त्वचेवरचा पहिला बधिर चट्टा ओळखणारी नजर गावातच असावी लागते. ही दोन्ही सत्ये स्वतःच्या हातांनी पडताळून पाहिलेला डॉक्टर म्हणून डॉ. अंतियांचे स्मरण ठेवावयास हवे.