शास्त्रापुढे शस्त्र ठेवणारा कोशकार

प्रभू येशू ख्रिस्ताच्या जन्मोत्सवाच्या मंगल दिवशी नाशिककरांना शरणपूरइतकीच देवळालीचीही आठवण व्हावी. देवळाली ही सैनिकांची जुनी छावणी. इंग्रजी अमदानीत बोटीने मुंबईस उतरलेल्या गोऱ्या पलटणी येथे विसावत आणि मग देशभर पांगत. दोन्ही महायुद्धांतही हा राबता चालूच होता. युद्धावर निघालेल्या कित्येक शिपायांच्या खिशात नव्या कराराची लहानशी प्रत असे. परंतु शत्रूवरही प्रीती करावयास शिकविणारे हे शास्त्र सैनिकाला नेमके काय सांगते? धीराने लढ, असे की शस्त्र खाली ठेव, असे? आपल्या आयुष्यानेच याचे उत्तर देणारा एक सैनिक मराठी भाषेचा मोठा उपकारकर्ता ठरला. तो म्हणजे कोशकार जेम्स टॉमस मोल्सवर्थ.

मोल्सवर्थचा जन्म १५ जून १७९५ रोजी इंग्लंडात झाला. मिसरूडही न फुटलेल्या वयात तो कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात दाखल होऊन हिंदुस्थानात आला. येथे त्याला मराठीची गोडी लागली. टॉमस कँडी या सहकारी अधिकाऱ्यासह त्याने शब्दसंग्रहाचा उद्योग आरंभिला. पुढे सरकारने ते कार्य अंगीकारले, विद्वान शास्त्रीमंडळी साहाय्यास दिली आणि १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. लोक या गोऱ्या पंडितास कौतुकाने ‘मोलेसर शास्त्री’ म्हणू लागले.

परंतु या शब्दसाधकाच्या अंतःकरणात निराळेच मंथन चालले होते. ख्रिस्ताची शिकवण आणि लष्करी पेशा यांचा मेळ बसत नाही, अशी त्याची दृढ धारणा झाली. तडजोडीचा मार्ग न शोधता त्याने लष्कराचा राजीनामा दिला. एवढ्यावर न थांबता, त्या सेवेबद्दल मिळणारे निवृत्तिवेतनही नाकारले. ज्या कमाईचे मूळच मनास पटेना, तिचे फळ तरी कसे घ्यावे, हा त्यामागील विचार सहज उमजतो.

याच वर्षी, १७९५ सालीच, जन्मलेला दुसरा एक इंग्रज सेनाधिकारी याच ग्रंथाचा तितकाच निष्ठावंत वाचक होता. त्याचे नाव हेन्री हॅवलॉक. मराठीचे व्याकरण व कोश रचणाऱ्या विल्यम कॅरीचे श्रीरामपूर येथील सहकारी जोशुआ मार्शमन हे त्याचे श्वशुर. १८२४ ते १८२६ या ब्रह्मदेशाच्या युद्धात तो आपल्या शिपायांना जमवून बायबल वाचून दाखवी. त्याचे हे शिपाई मद्यापासून दूर राहत व हाकेसरशी सज्ज होत, अशी त्यांची ख्याती होती. हॅवलॉकला शास्त्र आणि शस्त्र यांत विरोध दिसला नाही. जुलै १८५७ मध्ये त्यानेच नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याचा पराभव करून कानपूर घेतले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लखनौ येथे तो आजाराने मरण पावला.

आणि मोल्सवर्थ? प्रकृती ढासळल्याने स्वदेशी परतलेला हा मनुष्य कोशाच्या सुधारणेसाठी १८५१ मध्ये पुन्हा हिंदुस्थानात आला. महाबळेश्वरी राहून त्याने एकेक शब्द पारखला. सुमारे साठ हजार शब्दांची ती दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली तेही साल १८५७! उत्तरेत रक्ताचे पाट वाहत असता, तलवार सोडलेले दोन हात मराठीची शब्दसंपदा तिच्या लेकरांच्या ओटीत घालीत होते. १३ जुलै १८७१ रोजी मोल्सवर्थ इंग्लंडात निवर्तला. १९७५ साली पुण्यात त्याच्या कोशाचे पुनर्मुद्रण झाले आणि अभ्यासकांना तो आजही सोडवत नाही.

एकाच ग्रंथाने एकास रणात धैर्य दिले, तर दुसऱ्यास रण सोडण्याचे. सीमेवर जागणाऱ्या जवानाच्या कर्तव्याला यामुळे उणेपणा येत नाही. त्याच्या जागरणावरच आपला सण उभा आहे. मात्र शांतीच्या राजपुत्राचा जन्मदिन साजरा करताना, पटलेल्या सत्यासाठी हुद्दा आणि भाकरी दोन्ही सोडणाऱ्या या मराठीच्या सेवकाचे कृतज्ञ स्मरण ठेवणे, हे आपलेही कर्तव्यच होय.