परतीची चिठ्ठी : ॲलन ट्युरिंग

कच्ची वही आणि पक्की वही यांतला फरक आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना वेगळा सांगायला नको. कच्च्या वहीत आकडेमोड करायची, उत्तर पक्क्या वहीत उतरवायचे आणि कच्चे पान फाडून टाकायचे. संगणकाचेही बरेचसे असेच चालते, हे मला यंदा संगणकाच्या तासाला समजले. मग एका कामातून दुसऱ्या कामात जाऊन यंत्राने परत कसे यावे, याचा विचार अगदी आरंभीच्या काळात करणाऱ्या ॲलन ट्युरिंग यांचे चरित्र मी मिळवून वाचले. त्याचीच ही थोडक्यात ओळख.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. पण घराण्याचा संबंध आपल्या देशाशी. वडील मद्रास इलाख्यात आय.सी.एस. अधिकारी. आईचे वडील एडवर्ड स्टोनी मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता. तुंगभद्रेवर त्यांनी पूल बांधला. तुंगभद्रा ही माझ्या वडिलांच्या गावची नदी असल्याने मला याचे विशेष अप्रूप वाटले. आईवडील हिंदुस्थानात आणि लहानगा ॲलन इंग्लंडमध्ये परक्या कुटुंबात, असे त्याचे बालपण गेले.

केंब्रिजला शिकून १९३६ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी एक निबंध लिहिला. पायरीपायरीने सोडवता येणारे कोणतेही गणित सोडवणारे एक काल्पनिक यंत्र त्यात त्यांनी मांडले. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मनांची एनिग्मा ही गुप्तलिपी उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ते काम इतके गुप्त होते की त्यांच्या हयातीत जगाला त्याचा पत्ताही लागला नाही.

युद्धानंतर नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीसाठी त्यांनी एका संगणकाचा आराखडा तयार केला. १९४६ च्या मार्चमध्ये तो संस्थेपुढे मांडला गेला. त्यात एक साधी अडचण होती. मोठे काम करता करता यंत्र एखाद्या छोट्या कामाकडे वळले, तर ते संपल्यावर परतायचे कुठे? ट्युरिंग यांनी सुचवले, की निघण्यापूर्वी परतीच्या जागेची चिठ्ठी पुरून ठेवावी आणि काम झाल्यावर ती उकरून काढावी. कामात काम निघाले तर चिठ्ठीवर चिठ्ठी. सर्वांत शेवटी पुरलेली सर्वांत आधी बाहेर. १९५७ साली जर्मनीत बाउअर आणि सामेलझोन यांनी स्वतंत्रपणे अशाच राशीच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला.

आजच्या संगणकात त्या राशीवर परतीच्या चिठ्ठीसोबत फंक्शनचे स्थानिक चलही असतात. हीच त्याची कच्ची वही. फंक्शन संपले की पान रद्द. म्हणून उत्तर त्याआधी बाहेर उतरवावे लागते. उत्तर हजारो नोंदींचे असले तर नुसती नक्कल करण्यातच वेळ जातो. यावर पुढच्या पिढीने उपाय काढला. काम सांगणाऱ्याने आपल्या पक्क्या वहीतले पान आधीच राखून ठेवायचे आणि त्याचा पत्ता फंक्शनला द्यायचा. कंपायलर मग तो स्थानिक चल थेट त्या पानावरच मांडतो. नक्कल मुळी करावीच लागत नाही. मात्र नफा झाला तर एक चल आणि तोटा झाला तर दुसरा परत करायचा असेल, तर पक्क्या पानावर कोणता मांडावा हे आधी कळत नाही. तेव्हा बहुधा उतरवून घेणे आलेच. सी प्लस प्लस या भाषेने २०१७ साली बिननावाच्या उत्तरांसाठी ही बचत सक्तीची केली. नाव दिलेल्या चलाबाबत ती कंपायलरच्या मर्जीवर आहे.

१९४८ पासून ट्युरिंग मँचेस्टर विद्यापीठात होते. तेथील यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची पुस्तिका त्यांनीच तयार केली. आम्हा भोपाळकरांना मँचेस्टर तसे दूरचे नाही. १९५६ साली स्थापन झालेला आमचा हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना ज्या ब्रिटिश उद्योगसमूहाच्या सहकार्याने उभा राहिला, त्यातलीच मँचेस्टरची मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स ही कंपनी. तिने त्याच विद्यापीठाच्या आराखड्यावरून ट्रान्झिस्टरचा संगणक बनवला. ट्युरिंग मात्र तो पाहायला नव्हते. समलिंगी संबंधांबद्दल १९५२ साली न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना संप्रेरकांचे उपचार पत्करावे लागले. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, सायनाइडच्या विषबाधेने त्यांचा अंत झाला. चौकशीत ती आत्महत्या ठरवण्यात आली.

ब्रिटिश पंतप्रधानांनी २००९ साली क्षमा मागितली, २०१३ साली राणीने माफी दिली आणि २०२१ साली पन्नास पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर देणे चुकते झाले. पण ज्याचे येणे होते, तो घ्यायला उरला नव्हता. मित्रहो, विद्वानाची कदर तो आपल्यात असतानाच करावी, एवढा धडा आपण यातून घेतला तरी पुष्कळ झाले.