६१७४ : कोडिंगच्या पहिल्या धड्यात देवळालीचे कापरेकर कसे?

कोडिंग शिकणाऱ्या नवख्यांना ‘लूप’ समजावताना अनेकदा एक आकड्यांचे कोडे दिले जाते. ते नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळामास्तरांनी शोधले, तेही संगणकाशिवाय.

कोण होते हे मास्तर?
दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. शालेय शिक्षण ठाण्यात, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये पदवी घेतली, पण पदव्युत्तर शिक्षण झाले नाही. १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीत शाळेत शिकवले.

कोडे काय आहे?
चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर हेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते आणि पुढे तेच येत राहते. कापरेकरांचे जन्मवर्षच पाहा : १९०५ वरून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४.

नवखे कुठे चुकतात?
२१११ घेतल्यास पहिली वजाबाकी ०९९९ येते. प्रोग्रॅमने पुढचे शून्य गाळले, की ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य. ६१७४ कधीच येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी चार अंक पूर्ण करून घ्यावे लागतात. कापरेकर हे सारे कागदावर करत.

दखल कधी घेतली गेली?
उशिरा. अनेक गणितज्ञांना हे काम किरकोळ वाटले. कापरेकरांनी आपल्या पुस्तिका देवळालीतून खासगीरीत्या छापल्या. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून त्यांनी शिकवण्या घेतल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि जगाला त्यांची ओळख झाली. तेव्हा ते सत्तरीत होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज काय उरले?
६१७४ ला जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडा आणि तुमच्या जन्मवर्षापासून सुरुवात करून पाहा.