शेठ जमनालाल बजाज

आमच्या बजाजनगरजवळ बजाजचा मोठा कारखाना आहे. त्या घराण्याचा उद्योग जमनालालजींनी उभा केला.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात झाला. वर्ध्याच्या शेठ बच्छराजांकडे ते नातू म्हणून दत्तक आले. १७ वर्षांचे असताना आजोबा त्यांना पैशावरून टाकून बोलले. तेव्हा सगळ्या इस्टेटीवरचा हक्क सोडला असं लिहून ते घरातून निघूनच गेले! मला तर एवढं जमलं नसतं. आजोबांनी समजूत काढून त्यांना परत आणले.

पुढे त्यांनी व्यापारात पुष्कळ पैसा मिळवला. पण तो पैसा म्हणजे लोकांची ठेव, असं ते मानत. १९२८ साली त्यांनी वर्ध्याचे आपले लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले केले. जुन्या विचाराचे लोक लई चिडले. जमनालालजींनी दार लावले नाही.

ते ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात वारले.