नवस फेडणारा माणूस

आजचं वाचन: उपदेशक 5:4

हॅरिसन मेझ (1898–1986) हे अमेरिकेतल्या केंटकीचे कोळसा खाणकामगार. तरुणपणी खाणीतल्या अपघातात चिरडले गेले, जगण्याची आशा नव्हती. वाचलो तर प्रभूची सेवा करीन, असा नवस त्यांनी केला. ते वाचले आणि पुन्हा खाणीत उतरले. स्वतःच्या कमाईतून 600 किलोंहून जड असे काँक्रीटचे क्रूस ओतून अनेक राज्यांत रस्त्याकडेला उभारत राहिले. क्रूसावर पश्चात्तापाची हाक. घरही क्रूसाच्या आकाराचं!

बाबा आयसीयूत असताना मीही नवस केला होता, दर रविवारी रुग्णांसाठी प्रार्थनेला जाईन म्हणून. बाबा बरे झाले, मी दोनदाच गेले. या रविवारी जाणार आहे. तुमचा कुठला नवस राहिलाय?

आमेन.