कवींचा राजा बहार

मुलांनो, परवा मी फळ्यावर लिहिलं होतं, मोगऱ्याला बहर आला. तेव्हा चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, गुरुजी, बहर हा शब्द आला कुठून? मी म्हटलं, फारसीतून. फारसीत बहार म्हणजे वसंत ऋतू. इराणात याच नावाचे एक मोठे कवी होऊन गेले. तास संपला आणि त्यांची गोष्ट राहिली. ती आज इथे लिहितो.

मुहम्मद तकी बहार यांचा जन्म १८८६ साली मशहद शहरात झाला. वडील तिथल्या इमाम रझांच्या दर्ग्याचे मानाचे कवी. त्यांना मलिकुश्शुअरा, म्हणजे कवींचा राजा, असा किताब होता. वडील वारले तेव्हा बहार अवघे अठरा वर्षांचे. शाहनं तोच किताब त्यांना दिला. पण लोकांना शंका! एवढ्याशा पोराला अशी कविता कुठली जमणार? म्हणून त्यांची परीक्षा घेतली. जपमाळ, दिवा, मीठ आणि चिनार हे चार शब्द दिले. बहारांनी त्याच जागी ते चारही गुंफून कविता रचली. सगळे गप्प झाले.

आता शाहचे गोडवे गात सुखात राहता आलं असतं. खाल्ल्या मिठाला जागावं असं आपण म्हणतोच की. पण मीठ खरं कोणाचं, राजाचं की रयतेचं?

१९०६ साली इराणला राज्यघटना मिळाली, मजलिस म्हणजे लोकसभा आली. बहार लोकांच्या बाजूला गेले. १९०८ साली नव्या शाहनं मजलिसवर तोफा डागल्या. बहारांची लेखणी थांबली नाही. १९१० साली त्यांनी नौबहार हे वर्तमानपत्र काढलं. रशियाच्या दबावामुळे ते बंद पडलं आणि बहारांना मशहद सोडावं लागलं. पुढे लोकांनी त्यांना मजलिसमध्ये निवडून दिलं.

१९२५ साली रझा खानाला गादी देण्याचा घाट घातला गेला. बहारांनी विरोध केला. त्यांना मारायला मारेकरी आले, पण चेहऱ्याच्या सारखेपणामुळे कझवीनचा एक पत्रकार हकनाक मारला गेला. बहार वाचले, तरी गप्प बसले नाहीत. रझा शाहच्या राज्यात तुरुंग झाला, इस्फहानला हद्दपारीही झाली.

नंतर ते तेहरान विद्यापीठात शिकवू लागले. फारसी गद्य कसकसं बदलत गेलं यावर त्यांनी तीन भागांचा ग्रंथ लिहिला. १९४६ साली काही महिने शिक्षणमंत्रीही झाले. १९५१ साली क्षयानं त्यांचं निधन झालं.

किताब राजानं दिला, पण बहारांनी लेखणी रयतेची मानली. मिठाच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी असं दिलं. तुमचं उत्तर काय, ते मला वर्गात सांगा.