बालशिक्षिका कै. ताराबाई मोडक

शिक्षक हा जन्मावाच लागतो, तो घडविता येत नाही, असा समज पुष्कळ सुशिक्षितांचाही असतो. सुताराला रंधा धरावयास शिकावे लागते, वैद्याला नाडी पाहावयास शिकावे लागते; मुलांना शिकविण्यास मात्र अंगी विद्वत्ता असली म्हणजे पुरे, असे त्यांना वाटते. हा समज किती चुकीचा आहे, हे ज्यांच्या चरित्रावरून उत्तम कळून येते, अशा एक थोर बाई काही वर्षे आपल्या अमरावतीस राहिल्या होत्या. त्यांचे नाव कै. ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. ज्या काळी मुलींनी चार बुके शिकणे हेच पुष्कळ मानले जाई, त्या काळी ह्या घरातील मुलीने १९१४ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पदवी मिळविली. पुढे अमरावतीचे एक वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात आल्या. परंतु हा संसार टिकला नाही. पतिपत्नी विभक्त झाली आणि पदरी एक लहान मुलगी असता ताराबाईंना आपल्या पायांवर उभे राहणे प्राप्त झाले. त्या काळच्या समाजात हे किती कठीण होते, ह्याची कल्पना आजच्या मुलींस सहसा येणार नाही. अशा प्रसंगी दैवाला बोल लावीत न बसता त्यांनी शिक्षणाच्या कार्यास वाहून घेतले.

राजकोट येथे बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज ही स्त्री-शिक्षिका तयार करणारी संस्था होती. तिचे प्राचार्यपद ताराबाईंकडे आले. मानाची जागा होती, निर्वाहाची चिंता मिटली होती; पण त्यांच्या मनाचे समाधान होईना. त्याच सुमारास भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत श्री. गिजुभाई बधेका हे लहान मुलांच्या शिक्षणाचे नवे प्रयोग करीत होते. १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर उघडले होते. ताराबाईंनी राजकोटची जागा सोडली आणि सन १९२३ च्या सुमारास त्या भावनगरास जाऊन राहिल्या. प्राचार्यपदावरील बाईने पुन्हा शिकण्यासाठी बालमंदिराच्या सतरंजीवर जाऊन बसावे, ही गोष्ट लहान नव्हे.

भावनगरच्या ह्या प्रयोगांचा मूळ आधार डॉ. मारिया मॉन्टेसरी ह्या इटालियन विदुषीची पद्धती हा होता. १९०७ साली रोम शहराच्या एका गरीब वस्तीत डॉ. मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. पाठ थोडक्यात असावा, साधा असावा आणि त्यात शिक्षकाने स्वतःची प्रौढी मिरवू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. त्यांच्या पाठाच्या तीन पायऱ्या असत. समजा, बालकास खरखरीत आणि गुळगुळीत हा भेद शिकवावयाचा आहे. पहिल्या पायरीस शिक्षिका मुलाची बोटे दोन्ही पृष्ठभागांवरून फिरवून त्यांची नावे सांगते, अधिक काही बोलत नाही. दुसऱ्या पायरीस ती नाव घेते आणि मूल ती वस्तू दाखविते. तिसऱ्या पायरीस ती वस्तू दाखविते आणि मूल नाव सांगते. एवढाच पाठ, काही मिनिटांत संपणारा. मूल चुकलेच, तर त्यास दोष द्यावयाचा नाही, सक्ती करावयाची नाही; पाठ तेथेच थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावयाचा.

वाचकांस हे फार सोपे वाटेल. परंतु नव्या शिक्षिकेस नेमके हेच अवघड जाते. तिला पुष्कळ ठाऊक असते आणि ते सारे सांगून टाकण्याची घाई असते. म्हणून ह्या पद्धतीत शिकणाऱ्या शिक्षिकेने प्रत्येक साधन आधी स्वतः हाताळावे, आपल्या सोबतिणींपुढे त्याचा पाठ करून पाहावा आणि मगच बालकाजवळ बसावे, असा शिरस्ता आहे. पाठ लहान असल्यामुळे चूक कोठे झाली ते चटकन दिसते, आणि तो पुन्हा घेता येत असल्यामुळे ती सुधारता येते. तासभराच्या व्याख्यानात शंभर चुका झाकून जातात. पाच मिनिटांच्या पाठात एकही लपत नाही.

भावनगरास बालमंदिराच्या जोडीने १९२५ साली अध्यापनमंदिर सुरू झाले. शिक्षक तयार व्हावयाचा तो पुस्तकांच्या ढिगात बसून नव्हे, तर मुलांच्या सान्निध्यात, हे त्यामागील तत्त्व होते. ताराबाईंनी तेथे सुमारे नऊ वर्षे काम केले. १९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. १९३३ पासून मराठी शिक्षणपत्रिका काढून ताराबाईंनी हे विचार महाराष्ट्रातील आईबापांपर्यंत पोहोचविले, आणि १९३६ साली मुंबईस दादर येथे शिशुविहार ही संस्था उभी केली.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या, तर शहरातील सुखवस्तू मुलांच्या शिक्षिका म्हणूनच त्यांचे नाव राहिले असते. परंतु गरिबांच्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटून गेली असता, त्या बोर्डी ह्या समुद्रकाठच्या खेड्यात गेल्या व तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. ह्या कार्यात त्यांना अनुताई वाघ यांच्यासारखी सहकारिणी लाभली. गरीब वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी. शिक्षिका अंगणात जाई, मुलांचे हातपाय धुई, केस विंचरी, गाणी म्हणे आणि गोष्टी सांगे. परदेशी धर्तीची महाग साधने परवडत नव्हती; तेव्हा शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. पुढे १९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली लोकांत गेले. तेथील मुले गुरे राखावयास जात, म्हणून शिक्षिका त्यांच्या मागोमाग कुरणात जाऊ लागली. ह्या कामास लागणाऱ्या शिक्षिका तेथेच तयार करण्याचेही प्रयत्न झाले.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंस पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव दिले. आज वऱ्हाडातील खेडोपाडी जी अंगणवाडी दिसते, तिच्या नावामागे ही तपश्चर्या आहे.

लहान पाठाचे तत्त्व पुढे मोठ्या वर्गांच्या शिक्षकांसही लागू झाले. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात, मॉन्टेसरी पद्धतीहून स्वतंत्रपणे, एक रीत निघाली. तिला आपण सूक्ष्म अध्यापन म्हणतो. आपल्या देशात रूढ झालेल्या पद्धतीप्रमाणे उमेदवार शिक्षक पाचदहा विद्यार्थ्यांपुढे सहा मिनिटांचा पाठ देतो. त्यात प्रश्न विचारणे किंवा फळ्यावर नीट लिहिणे असे एकच कौशल्य साधावयाचे असते. मग सहा मिनिटे गुणदोषांची चर्चा, बारा मिनिटे नवी तयारी, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि पुन्हा सहा मिनिटे चर्चा. असा छत्तीस मिनिटांचा फेरा होतो. चूक सांगावी, पण माणसास खाली पाहावयास लावू नये, आणि पुन्हा संधी द्यावी. मुलाच्या बाबतीत जो नियम, तोच येथे शिक्षकाच्या बाबतीत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, अमरावती-अकोल्याच्या शाळांतून उमेदवार शिक्षक पाठ देण्यास येतात, तेव्हा त्यांचा आवाज कापतो, खडू मोडतो, तक्ता उलटा लागतो आणि मागच्या बाकांवर हसू फुटते. पालकांसही वाटते की, परक्याच्या शिकण्यापायी आपल्या मुलांचा वेळ फुकट गेला. तसे नाही. आज जो तुमच्यापुढे चुकून सुधारेल, तो उद्या शेकडो मुलांपुढे चुकणार नाही. त्यास शांतपणे ऐकणे व त्याच्या प्रश्नास प्रामाणिक उत्तर देणे हीदेखील समाजसेवाच होय. प्राचार्यपद सोडून पुन्हा शिकावयास बसणाऱ्या ताराबाईंचे स्मरण ठेवावयाचे, तर शिकणाऱ्याला, मग तो लहान असो वा मोठा, कधीही हसू नये.